नवेगांव बांधचा कोलासुर देव

महाराष्ट्रांतील स्थळमाहात्म्यें व क्षेत्रमाहात्म्यें चाळणाऱ्या अभ्यासकांस असुरवधाच्या कथा नवीन नाहींत. एखादा असुर उन्मत्त झाला, देवानें अथवा देवीनें त्यास मारिलें, आणि त्या भूमीस क्षेत्राचें रूप आलें, असा क्रम बहुतेक पोथ्यांतून आढळतो. या कथांचा विचार करतांना लक्ष मुख्यत्वें वधाकडे जातें. वधानंतर असुराचें काय झालें हा भाग पोथीच्या अखेरच्या अध्यायांत दडून राहतो. आमच्या मतें कथेचें मर्म याच भागांत आहे. अक्राळविक्राळ देह, दाढा, नखें, गर्जना हीं वर्णनें एका पोथींतून दुसऱ्या पोथींत जशींच्या तशीं उतरतात. परंतु पडलेल्या असुराशीं लोकांनीं कोणता करार केला हें स्थळपरत्वें बदलतें, आणि त्यांतून त्या लोकांचा मनुष्याविषयींचा विचार उघड होतो. हें दाखविण्यासाठीं आम्ही असें एक उदाहरण घेत आहों कीं, ज्यांत असुराच्या नांवानें पुजला जाणारा देव परंपरेप्रमाणें मुळांत एक मनुष्य होता. तें नवेगांव बांध येथील कोलासुर देवाचें होय.

नवेगांव बांध हा गांव गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी मोरगांव तालुक्यांत आहे. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. म्हणून जुन्या कागदांत व गॅझेटियरांत त्याचा शोध भंडारा या नांवाखालीं घ्यावा लागतो. आजच्या वाचकांस हें ठिकाण १९७५ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय उद्यान आणि हिवाळ्यांत तेथें उतरणारे पाणपक्षी यांमुळें परिचित आहे. २०१३ सालीं नागझिऱ्यासह या अरण्याचें व्याघ्रप्रकल्पांत रूपांतर झालें. परंतु उद्यानाच्या पुष्कळ आधीं येथें जें होतें तें तळें. इंग्रजी अमदानींतील इंपीरियल गॅझेटियरनें त्याचें क्षेत्र ५ चौरस मैल व घेर १७ मैल दिला असून, तळ्यांसाठींच प्रसिद्ध असलेल्या त्या जिल्ह्यांतहि सर्वांत मोठ्या तळ्यांत त्याची गणना केली आहे. हें तळें निसर्गनिर्मित नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें तें बांधिलें, अशी परंपरा गॅझेटियरांत नमूद आहे.

कोहळी हे वैनगंगेच्या खोऱ्यांतील शेतकरी; धान व ऊंस हीं त्यांचीं पिकें, आणि तळीं बांधणें ही त्यांची कीर्ति. रसेल व हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर १९१६ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या समाजाची मुख्य ओळख तळीं बांधणारे म्हणूनच दिलेली आहे. गोंड राजांच्या अमलांत जो तळें बांधील त्यास त्या तळ्याखालीं भिजणारी जमीन मिळे, अशी या मुलखांतील परंपरा आहे. त्या विद्येचे शब्द अद्याप लोकांच्या तोंडीं आहेत. पाणी अडविणारा मातीचा बांध ती पाळ. पाणी सोडण्याचें द्वार तें तुडुम. लहान तळें ती बोडी. पाळीची माती किती दाबावी, तुडुम कोणत्या पातळीवर ठेवावें, जास्तीचें पाणी कोणत्या बाजूनें काढावें, हें ज्ञान पोथींत लिहिलेलें नव्हतें. तें बापाकडून मुलाकडे हातानें गेलें.

अशा या कोलू पाटलास मरणोत्तर देवत्व आलें. तळ्याजवळ त्याचें देऊळ असून त्यास लोक कोलासुर देव म्हणतात. तळ्याभोंवतीं डोंगरांचीं सात शिखरें आहेत. त्यांस सात बहिणी असें नांव आहे. या सात देवी असून त्यांचे पाय तळ्याच्या पाण्यांत बुडालेले आहेत, आणि बांधकामांत त्यांनीं कोलूस साह्य केलें, अशी श्रद्धा आहे. येथें विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, ज्या पुरुषानें गांवास पाणी दिलें त्याचें देवपण सांगण्यासाठीं लोकांनीं जो शब्द उचलला तो पोथ्यांच्या भाषेंत देवांच्या शत्रूचा आहे. कोलासुर आणि देव हे दोन शब्द एका श्वासांत उच्चारले जातात, आणि उच्चारणारास त्यांत कांहीं विसंगति वाटत नाहीं.

प्रथम नांवाचा विचार करूं. कोलासुर या शब्दाचा विग्रह दोन प्रकारें होतो. कोल आणि असुर असे दोन शब्द घेतले तर सवर्णदीर्घ संधीनें कोलासुर सिद्ध होतें. उलट कोला आणि सुर असे घेतले तर संधीचें कारणच उरत नाहीं, व अर्थ नेमका विरुद्ध, म्हणजे कोला नांवाचा देव, असा होतो. एका स्वराच्या वांटणीवर एक मनुष्य सुर ठरतो कीं असुर ठरतो, हें पाहून व्याकरणपटूंस मौज वाटेल. तिसरीहि एक कल्पना मांडतां येईल. कानडींत तळ्यास कोळ असा शब्द असून तेलुगूंत कोलनु असा आहे. तेव्हां कोलासुर म्हणजे तळ्याचा असुर असें कोणी म्हणेल. ही व्युत्पत्ति आकर्षक असली तरी आम्हांस ती ग्राह्य वाटत नाहीं. कोलू हें पुरुषाचें नांव परंपरेनें दिलेलें असतांना दूरच्या भाषेंत धांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. त्याचप्रमाणें कोहळी हें जातिनाम आणि कोहळा हें फळ यांच्या नुसत्या सादृश्यावरूनहि कांहीं सिद्ध होत नाहीं. असुर या शब्दास देव हें पद जोडावें लागलें, यावरून लोकांनीं त्या नांवांत असुरच ऐकला, असें आम्ही मानतों. सुर ऐकला असता तर देव हें पद पुनरुक्त झालें असतें.

असुर शब्दाचा पूर्वेतिहासहि येथें स्मरणें अवश्य आहे. ऋग्वेदांतील जुन्या सूक्तांत हा शब्द निंदेचा नाहीं. असु म्हणजे प्राण. त्या प्राणबळानें युक्त तो असुर, असा त्याचा अर्थ असून वरुणासारख्या देवांस तो गौरवानें लाविलेला आहे. इराणी शाखेंत हाच शब्द अहुर या रूपानें परमेश्वरवाचक झाला. पुढें अर्थ पालटला, आरंभींचा अकार नकारार्थी आहे असा भ्रम झाला, आणि तो काढून सुर हा नवा शब्द पाडण्यांत आला. म्हणजे असुर हा सुराचा अभाव नसून सुर हीच असुरापासून मागाहून झालेली वस्तु आहे. वरुण हा जलाचा अधिपति हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. राक्षस शब्दाची कथा तर पाण्याशींच निगडित आहे. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडांत अगस्त्य रामास सांगतात कीं, प्रजापतीनें प्रथम जल निर्माण केलें व त्याच्या रक्षणासाठीं प्राणी उत्पन्न केले. त्यांपैकीं ज्यांनीं रक्षणाचें वचन दिलें ते राक्षस झाले आणि दुसरे यक्ष झाले. महात्मा फुले यांनीं १८७३ सालच्या गुलामगिरी या पुस्तकांत राक्षस शब्दाचा संबंध रक्षकाशीं जोडला. दोघांचे हेतु अगदीं भिन्न होते. तथापि ज्यास भ्यावें असें सांगितलें जातें तो मुळांत राखणदार होता, एवढी गोष्ट दोन्हीकडे समान आहे. पाळीवर उभा असलेला कोलासुर या जुन्या अर्थानें पाहिला म्हणजे परका वाटत नाहीं.

आतां याच नांवाच्या प्रसिद्ध असुराकडे वळूं. करवीर माहात्म्यांतील कथेप्रमाणें महालक्ष्मीनें कोलासुरास मारिलें, आणि मरतांना त्यानें या क्षेत्रास आपलें नांव राहावें असा वर मागितला. म्हणून तें कोल्हापूर झालें. आश्विन शुद्ध पंचमीस, ललिता पंचमीच्या दिवशीं, देवीची पालखी त्र्यंबोलीच्या टेंकडीवर जाते व तेथें असुराचें प्रतीक म्हणून कुमारिकेच्या हातून कोहळ्याचा छेद होतो. दर वर्षीं असुर मारला जातो, आणि दर दिवशीं नगराचें नांव घेणारा प्रत्येक मनुष्य त्याचें स्मरण करतो. जेजुरीची कथा याहून पुढें गेलेली आहे. मल्हारी माहात्म्यांतील मणि व मल्ल या दोन दैत्यांपैकीं मणि शरण आला व देवाच्या सान्निध्यास पात्र झाला. जेजुरीच्या गडावर त्याची मूर्ति पुजली जाते. मल्लाचें नांव तर देवाच्या नांवांतच जाऊन बसलें. मल्हारी म्हणजे मल्लाचा अरि. हा जयघोष कोठेंहि होवो, जित असुराचा उच्चार आधीं होतो व जेत्याचा नंतर होतो.

या दोन कथांत एक समान कलम आहे. असुर प्राण मागत नाहीं, राज्य मागत नाहीं. तो नांव मागतो, आणि देवास तें द्यावें लागतें. असुरांची ही मागणी मनुष्याची आहे. मृत्यूपेक्षां विस्मरणाचें भय मोठें, ही गोष्ट देवांच्या ठिकाणीं संभवत नाहीं, कारण देव अमर. पशूंच्या ठिकाणींहि संभवत नाहीं, कारण त्यांस नांव नाहीं. ती मनुष्यालाच लागू पडते. म्हणून आम्ही म्हणतों कीं, माहात्म्यकारांनीं असुराच्या तोंडीं शेवटचें वाक्य घातलें तेव्हां तेथें त्यांनीं मनुष्य बोलता केला.

तळ्याच्या संबंधांत लोणारची तुलना अधिक उद्बोधक आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील या खाऱ्या पाण्याच्या तळ्याविषयीं लवणासुराची कथा सांगतात. विष्णूनें दैत्यसूदन रूपानें त्यास मारिलें, आणि तळ्याचें खारें पाणी ही त्याच्या देहाची खूण होय. दैत्यसूदनाचें मंदिर त्या गांवांत आजहि आहे. हें तळें उल्कापातामुळें झालें, हें आतां शास्त्रानें निश्चित केलें आहे, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा तो खळगा आकाशांतून आलेल्या आघाताचा आहे. लोणार येथें मनुष्याच्या हाताचा संबंध नसतांना असुर आला; नवेगांव येथें मनुष्याचाच हात असतांना असुर आला. यावरून असें दिसतें कीं, लोकांच्या मनांत असुर म्हणजे दुष्टता नव्हे. भूमीचा आकार पालटण्याइतकें सामर्थ्य जेथें दिसलें, मग तें उल्केचें असो कीं टोपलीभर माती वाहणाऱ्या माणसांचें असो, तेथें त्यांस मनुष्यवाचक शब्द अपुरा पडला व त्यांनीं हा दुसरा शब्द घेतला. भेद एवढाच कीं लोणारच्या असुरास मारावें लागलें; नवेगांवच्या असुरास मारणारा कोणी देव परंपरेला आवश्यक वाटला नाहीं. तो सरळ देव झाला.

सात बहिणींची कथाहि याच दृष्टीनें वाचली पाहिजे. ती अद्भुत असली तरी स्थापत्याच्या अंगानें ती अगदीं खरी आहे. डोंगरांच्या वेढ्यांत तळें बांधावयाचें तर सर्व बाजूंनीं पाळ घालावी लागत नाहीं. डोंगरांच्या मधल्या खिंडी बंद केल्या म्हणजे उरलेली भिंत डोंगरच होतात. डोंगरांनीं पाण्यांत पाय बुडवून कोलूस साह्य केलें, या वाक्यांत जागेची निवड, पाळीची लांबी वांचविण्याची युक्ति आणि पाण्याची पातळी या तिन्ही गोष्टी आल्या. शिवाय सात ही संख्या व स्त्रीरूप यांवरून महाराष्ट्रांतील साती आसरांचें स्मरण होतें. आसरा हें अप्सरा शब्दाचें रूप. डोहांच्या व विहिरींच्या काठीं शेंदूर लाविलेल्या सात दगडांच्या रूपानें त्यांची पूजा होते, आणि त्या कोपल्या तर माणूस बुडवितात असें मानतात. पाण्याची तीच भीति नवेगांवीं बहिणीच्या नात्यांत बसविली गेली. ज्या शक्तीचें भय वाटतें तिला नातें लावावें, म्हणजे तिच्यावर हक्क व तिच्याविषयीं कर्तव्य अशीं दोन्ही उत्पन्न होतात, ही आमच्या लोकांची जुनी रीत आहे.

अन्य देशांतील व अर्वाचीन काळांतील भीषण प्राण्यांकडे पाहिलें असतां नांवाचा हाच प्रश्न पुन्हां उभा राहतो. मेरी शेली या इंग्रज लेखिकेची फ्रँकेन्स्टाइन ही कादंबरी १८१८ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील विद्वान् मृत देहांच्या अवयवांतून एक प्राणी निर्माण करतो, परंतु त्यास नांव देत नाहीं; आणि जो पिता आपल्या निर्मितीस नांव देत नाहीं त्याच्या घराचा नाश ती निर्मिति करते. १९३१ सालीं जेम्स व्हेल यानें या कथेवर चित्रपट काढला तेव्हां आरंभींच्या नामावळींत त्या प्राण्याच्या समोर नटाचें नांव न देतां केवळ प्रश्नचिन्ह ठेविलें होतें. पुढें जगानें त्या अनामिकास त्याच्या निर्मात्याचेंच नांव देऊन टाकिलें. नवेगांवीं याच्या उलट घडलें. तेथें निर्मिति सुंदर असून निर्मात्यास असुराचें नांव आलें. एकीकडे निर्मात्यानें आपल्या कृतीची जबाबदारी टाळली, म्हणून कृति राक्षसी झाली. दुसरीकडे निर्माता मरणानंतरहि आपल्या कृतीच्या पाळीवर पहाऱ्यास बसला, म्हणून असुर हा शब्दहि शुद्ध झाला.

आपल्याकडील चित्रपटांतहि हें आढळतें. धुंडिराज गोविंद फाळके यांनीं १९१९ सालीं कालिया मर्दन हा मूकपट काढला. त्यांत त्यांची कन्या मंदाकिनी हिनें बाळकृष्णाचें काम केलें होतें. कालियाची भागवतांतील कथा डोहाचीच आहे, आणि तिच्या शेवटीं वध नाहीं. नागपत्नींच्या विनवणीवरून कृष्ण त्यास दुसऱ्या स्थळीं जाण्याची आज्ञा देतो व आपल्या पावलांची खूण त्याच्या फणांवर संरक्षण म्हणून ठेवितो. म्हणजे येथेंहि करारच आहे. अगदीं अलीकडे, २०१८ सालीं, राही अनिल बर्वे यांचा तुंबाड हा हिंदी चित्रपट आला. त्याची कथा कोंकणांतील तुंबाड गांवीं व पुण्यास घडते. त्यांतील हस्तर हा लोभी देवपुत्र असून, त्याची पूजा कधीं होऊं नये व त्याचें नांव विस्मृतींत जावें अशी शिक्षा त्यास आहे. एक घराणें सोन्याच्या आशेनें ती शिक्षा मोडतें आणि त्यांतच नष्ट होतें. कोलासुर व हस्तर यांस शेजारीं शेजारीं ठेवून पाहावें. एकानें दिलें व नांव मिळविलें; दुसऱ्यानें घेतलें व नांव गमाविलें. असुरांचा न्याय लोक रूपावरून करीत नाहींत. देण्याघेण्याच्या हिशेबावरून करतात.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, एका कर्तृत्ववान् पाटलास असुर म्हणणें हा त्याचा अपमान आहे, व त्याच्या श्रमाचें श्रेय दैवी साह्यास देणें हा त्याहून मोठा अन्याय आहे. आक्षेपाचा उत्तरार्ध विचारार्ह आहे. दंतकथा मजूर मोजीत नाहीं. जे शेंकडों हात माती वाहत होते, त्यांचीं नांवें तीत नाहींत. सात डोंगरांस बहिणीचें नातें मिळालें, टोपली वाहणाऱ्या बाईस मिळालें नाहीं. ही उणीव लपविण्याचें कारण नाहीं. परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. मोठमोठ्या राजांनीं बांधिलेल्या कित्येक इमारतींच्या गवंड्यांचीं नांवें नष्ट झालीं. येथें एका कोहळी पाटलाचें नांव सुमारें तीनशें वर्षें टिकलें, आणि तें शिलालेखानें अथवा सनदेनें टिकलें नसून पूजेनें टिकलें. ज्यांच्या हातीं लेखणी नव्हती त्यांनीं आपल्या दफ्तराचें काम देवळाकडून करून घेतलें. कोलासुर देव हा त्या दफ्तराचा एक कागद होय, आणि इतिहाससंशोधकानें तो महजराइतक्याच आदरानें वाचावा.

याचें महत्त्व केवळ भूतकाळापुरतें नाहीं. मालगुजारी १९५० सालच्या कायद्यानें संपली व पूर्व विदर्भांतील हीं तळीं सरकारकडे गेलीं. त्यांस माजी मालगुजारी तलाव असें नांव पडलें, आणि आद्याक्षरें घेऊन लोक त्यांस मामा तलाव म्हणूं लागले. हें नांव शेवटच्या धन्याचें आहे, बांधणाऱ्याचें नाहीं. तळें कोणाचें, त्यांतील गाळ कोणी काढावा, पाळ फुटली तर कोणास बोलवावें, या प्रश्नांचीं उत्तरें ज्या स्मृतींत होतीं ती स्मृति नांवाबरोबर पातळ होत जाते. जेथें बांधणाऱ्याचें नांव देवाच्या रूपानें उभें आहे, तेथें पाळीस धनी आहे असें लोकांस अद्याप वाटतें.

म्हणून पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस दोन गोष्टी सुचवितों. पहिली ही कीं, माहात्म्याची पोथी हातीं आली म्हणजे अखेरचीं पानें गळालेलीं असल्यास ती अपूर्ण म्हणून बाजूस टाकूं नये व पूर्ण असल्यास अखेरचा अध्याय प्रथम वाचावा. असुरानें काय मागितलें व त्यास काय मिळालें याची नोंद पोथीच्या सूचींत स्वतंत्र रकान्यांत करावी. दुसरी ही कीं, वैनगंगेच्या खोऱ्यांतील ज्या घराण्यांत तळ्याच्या वांटणीचे, पाळीच्या दुरुस्तीचे अथवा तळ्याखालील जमिनीच्या हक्काचे जुने कागद असतील, ते रुमालांतून बाहेर काढून त्यांच्या नकला कराव्यात, आणि नकलेसोबत त्या तळ्याच्या पाळीवर कोणत्या देवाचा दगड आहे तेंहि लिहून ठेवावें. कागद व दगड एकमेकांशेजारीं ठेविले तर असुर म्हणून गणलेल्या आणखी कित्येक पुरुषांचीं गांवें, कुळें व कामें उजेडांत येतील, आणि देवांच्या यादींतून माणसांची यादी वेगळी काढतां येईल.